आयलाचा धूर, मदेराचे पिंप

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत एक बेट आहे. रोमन लिपीतले त्याचे नाव वाचताना आपण 'इस्ले' असे काहीतरी वाचतो. पण तिथली माणसे त्याचा उच्चार 'आयला' असा करतात. आपल्याकडे हा शब्द चारचौघांत उच्चारला की वडीलधारी मंडळी डोळे वटारतात. तिकडे मात्र चांगल्या घरच्या आजीबाई दुकानात, बोटीवर, देवळाच्या दारात खुशाल 'आयला, आयला' म्हणत असतात आणि शेजारी उभ्या असलेल्या मराठी माणसाला हसू आवरत नाही. हा विनोद एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी तिथला धूर नाकात शिरतो आणि मग तोच शब्द आपल्या तोंडून अगदी आपल्या अर्थाने बाहेर पडतो.

हा लेख व्हिस्कीवर आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकलेले बरे. दिवाळीच्या अंकात, चकली-करंज्यांच्या ताटाशेजारी हा विषय काहींना रुचणार नाही. त्यांची समजूत अशी घालतो की, मी या वस्तूचा ना भक्त आहे ना प्रचारक. महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला या प्रकरणात रस वाटला तो शब्दांमुळे. जगातली सर्वांत धुरकट व्हिस्की जेव्हा एखाद्या गोड वाइनच्या पिंपात मुरते, तेव्हा ती कशी लागते, हे इंग्रज लोक फार बारकाईने लिहून ठेवतात. ते वर्णन मराठीत करता येईल काय, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर मला मिळाले ते मात्र पुस्तकात नव्हे, स्वयंपाकघराच्या बाजूने मिळाले.

माझा भाचा ग्लासगोला नोकरीला आहे. 2023 च्या जून महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्याने आम्हांला आयलाला नेले. केनाक्रेगच्या धक्क्यावरून बोट निघते आणि सुमारे दोन-अडीच तासांत पोर्ट एलन या गावी पोहोचते. बोट किनाऱ्याजवळ येऊ लागली की पांढऱ्याशुभ्र भिंती दिसतात आणि त्यांवर पुरुषभर उंचीच्या काळ्या अक्षरांत नावे रंगवलेली दिसतात : आर्डबेग, लागावूलिन, लफ्रॉइग. आपल्याकडे बंदरावर देवळाचा कळस आधी दिसावा, तशा इथे भट्ट्या आधी दिसतात. बेटाची वस्ती तीन हजारांच्या आसपास. आणि या तीन भट्ट्या तर एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

पोर्ट एलनहून बोमोर गावाकडे जाणारा रस्ता बाणासारखा सरळ आहे. पण गाडी मात्र त्यावरून होडीसारखी डुलत जाते. भाचा म्हणाला, "मामा, खाली घट्ट जमीन नाही. हा रस्ता पीटवर बसवलाय." पीट म्हणजे दलदलीत साचलेला वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर. शेवाळ, गवत, हेदरची झुडुपे मरतात, पाण्यात बुडतात. पाण्याखाली हवा पोहोचत नाही म्हणून ती पुरती कुजतही नाहीत. वर्षावर वर्षे त्यांचा काळा-तपकिरी लगदा दाबला जात राहतो. हा थर वर्षाकाठी सुमारे 1 मिलिमीटर वाढतो. म्हणजे कमरेएवढ्या खड्ड्यात उतरलेला माणूस ज्ञानेश्वरांच्याही आधीच्या गवतावर उभा असतो! एका लांब, अरुंद फावड्याने या थराच्या विटा कापतात आणि गोवऱ्या रचाव्यात तशा त्या वाऱ्यावर वाळत घालतात. वाळल्यावर त्या जळतात, पण ज्वाळेपेक्षा धूरच जास्त देतात.

या बेटावर झाडे फार थोडी. वारा इतका की झाड उभे राहायला धजत नाही. दगडी कोळसाही नाही. तेव्हा चूल पेटवायची तर पीट, आणि भट्टी पेटवायची तर पीटच. आयलाच्या व्हिस्कीला धुराचा वास आला तो कोणाच्या रसिकतेमुळे नव्हे, केवळ दुसरे जळण नव्हते म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हा धूर व्हिस्कीत शिरतो कसा? आपल्याकडे लहान मुलांसाठी नाचणीसत्त्व करतात, ती रीत आठवावी. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची आणि दळायची. व्हिस्कीसाठी नाचणीच्या जागी सातू असतात, एवढाच आरंभीचा फरक. दाण्याला मोड फुटू लागला की त्यातील पिष्टाची साखर करण्याची शक्ती दाण्यात जागी होते. मोड फार वाढला तर ती साखर रोपच खाऊन टाकील. म्हणून योग्य वेळी उष्णता देऊन दाणा थांबवावा लागतो. आयलाला ही उष्णता देताना पीट जाळतात. जाळीदार जमिनीवर पसरलेल्या ओलसर दाण्यांतून धूर वर चढतो आणि त्यातली द्रव्ये दाण्याच्या सालीला चिकटून बसतात.

या द्रव्यांना रसायनशास्त्रात फिनॉले म्हणतात. त्यांतल्या ग्वायकॉलमुळे जळक्या लाकडाचा वास येतो, क्रेसॉलमुळे औषधी वास. दहा लाख भागांत ती किती भाग आहेत यावरून दाण्याचा धुरकटपणा मोजतात. लफ्रॉइगच्या दाण्यात हा आकडा साधारण 40 च्या आगेमागे असतो, आर्डबेगच्या दाण्यात 55 च्या जवळपास. मोजायला गेले तर चिमूटभरसुद्धा नाही. पण हिंगाची डबी उघडली की शेजारच्या घरात कळते, तसलाच हा प्रकार आहे. पुढे दाणा दळून गरम पाण्यात कालवतात, गोड पाणी काढून घेतात, यीस्ट घालून ते आंबवतात, आणि तांब्याच्या बाकदार मानेच्या भांड्यांतून दोनदा ऊर्ध्वपातन करतात. निघतो तो पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन आणि अतिशय उग्र द्रव. धूर मात्र या साऱ्या अग्निपरीक्षांतून तरून आलेला असतो.

लफ्रॉइगची गोष्ट निघाली आहे, तर तिथल्या एका बाईची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1934 साली बेसी विल्यम्सन नावाची ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर तरुणी उन्हाळ्यापुरती लघुलेखनाच्या नोकरीवर या भट्टीत आली. मालक इयन हंटर मोठा कडक गृहस्थ; धंद्यातली रहस्ये कोणाला कळू न देणारा. पण त्याची प्रकृती ढासळू लागली तसतसा कारभार बेसीच्या हाती येत गेला. दुसऱ्या महायुद्धाचा काळ तिने निभावून नेला, आणि 1954 साली हंटर वारला तेव्हा मृत्युपत्रात भट्टी तिच्या नावे केलेली निघाली. उन्हाळ्यापुरती आलेली टंकलेखिका 1972 साली निवृत्त झाली. ज्या काळी बहुतेक भट्ट्यांचा माल मिश्र व्हिस्कीच्या बाटलीत अनामिकपणे मिसळला जाई, त्या काळी धुरकट व्हिस्की तिच्या स्वतःच्या नावाने आणि रूपाने प्यावी असा आग्रह धरणाऱ्यांत ही बाई होती. आपल्या नोकरदार वाचकभगिनींना ही गोष्ट आवडेल असे वाटते.

असो. भट्टीतून निघालेल्या त्या रंगहीन द्रवाला कायद्याने व्हिस्की म्हणता येत नाही. तो ओकच्या लाकडी पिंपात, स्कॉटलंडच्या भूमीवर, निदान 3 वर्षे मुरावा लागतो. पिंप 700 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. रंग, गोडवा आणि अर्ध्याहून अधिक चव या लाकडातून येते, असे जाणकार मानतात. आणि इथेच स्कॉच माणसाचा सुप्रसिद्ध काटकसरी स्वभाव आडवा येतो. नवे पिंप कशाला? कोणाचे तरी वापरलेले स्वस्तात मिळत असेल तर पाहावे!

इंग्लंडात पूर्वी स्पेनची शेरी पिंपे भरभरून येई. शेरी संपली की रिकामी पिंपे बंदरात पडून राहत. व्हिस्कीवाल्यांनी ती उचलली. पुढे अमेरिकेतून पिंपे येऊ लागली. कारण तिथल्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्कीसाठी दर खेपेला नवे, आतून जाळलेले पिंपच लागते. एकदा वापरले की त्यांच्या दृष्टीने ते निकामी. यांच्या दृष्टीने सुनेने माहेरून आणलेल्या भांड्यासारखे, पिढ्यान्पिढ्या टिकणारे. अमेरिकन ओकमधून व्हॅनिलाचा आणि ओल्या खोबऱ्याचा गंध उतरतो. शेरीच्या पिंपातून मनुकांचा आणि सुक्या अंजिरांचा. काटकसरीपोटी केलेली ही सोय हळूहळू चव बनली. इतकी, की आज रिकामी शेरीची पिंपे पुरत नाहीत म्हणून मुद्दाम शेरी भरून, पिंपे मुरवून, शेरी काढून घेऊन ती स्कॉटलंडला धाडण्याचा स्वतंत्र धंदाच चालतो.

गेल्या तीसेक वर्षांत या पिंपांचे वेडच फैलावले. फ्रान्सची सोतेर्न, इटलीची बारोलो आणि मार्साला, हंगेरीची तोकाय, पोर्तुगालची पोर्ट : ज्या वाइनचे पिंप मिळेल त्यात व्हिस्की ओतून पाहू लागले. आयलावरचीच ब्रुक्लाडी ही बंद पडलेली भट्टी 2001 साली पुन्हा सुरू झाली आणि तिने फ्रेंच वाइनच्या पिंपांचे पुष्कळ प्रयोग केले. कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक भट्टीने 2012 पासून आपल्या 'लाँगरो' या धुरकट व्हिस्कीसाठी दर खेपेला निराळे तांबड्या वाइनचे पिंप घेण्याची प्रथा पाडली. यावर जाणत्यांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, धूर आणि द्राक्ष यांचे लग्न लागते. दुसरा म्हणतो, कसले लग्न? घरात दोन कर्ते पुरुष झाल्यासारखे होते. दोघेही बोलतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

आमच्या भाच्याने कपाटात जपून ठेवलेली आणि आयलाला बरोबर घेतलेली बाटली होती ती लफ्रॉइगची 'कार्जस', 2016 सालची. कार्जस म्हणजे गेलिक भाषेत मैत्री. या नावाने दर वर्षी एक निराळी व्हिस्की निघते. 2016 ची आधी बर्बनच्या पिंपांत मुरलेली आणि मग मदेरा वाइन मुरवलेल्या पिंपांत घातलेली. मद्यार्काचे प्रमाण 51.6 टक्के.

मदेरा हे नाव ऐकताच मी सावरून बसलो. कारण इथे आपला संबंध येतो.

मदेरा हे अटलांटिक महासागरातले पोर्तुगीजांचे बेट. पोर्तुगीज भाषेत 'मदेरा' म्हणजे लाकूड. पंधराव्या शतकाच्या आरंभी ते तिथे वसाहतीला गेले तेव्हा बेट दाट अरण्याने झाकलेले होते, म्हणून हे नाव. युरोपातून हिंदुस्थानच्या वाटेला लागलेली जहाजे इथे थांबत आणि वाइनची पिंपे भरून घेत. वाइन टिकावी म्हणून पुढे तीत थोडा द्राक्षांचा मद्यार्क घालू लागले. ही पिंपे विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या तळघरात महिनोन्महिने तापत आणि हिंदकळत पूर्वेकडे येत. एखादे पिंप न विकता परत गेले, तर घरच्या लोकांना नवल वाटे : वाइन नासायची ती उलट सुधारलेली! मग मुद्दाम पिंपे जहाजात घालून उष्ण कटिबंधाची वारी घडवून परत आणू लागले. अशा वाइनला 'विन्यू दा रोदा' म्हणत, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या मेजांवरही अठराव्या शतकात मदेराचाच थाट असे. पुढे त्या शतकाच्या अखेरीस मदेराच्या लोकांनी जहाजाचा खर्च वाचवला. त्यांनी बेटावरच तापवण्याच्या खोल्या बांधल्या. आजही साधी मदेरा 45 ते 50 अंश सेल्सियसवर निदान तीन महिने तापवतात, आणि उंची मदेरा उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षे पिंपांत ठेवतात. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्याची ती एक नक्कलच झाली.

आणखी एक गंमत. मी एवढा वेळ 'पिंप' हा शब्द वापरतो आहे. हा मराठी शब्द पोर्तुगीज 'पिपा' यावरून आला आहे. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबर पिंपही त्याच जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. आपण त्यात पाणी भरले, रॉकेल भरले, त्याला अनुस्वार देऊन घरचे करून टाकले. तेव्हा आयलाच्या त्या खोलीत बाटलीवरचे मदेरा हे नाव वाचताना मला परक्याच्या घरात आपल्या नात्यातले कोणी भेटल्यासारखे झाले.

तिकडे जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. जेवणे झाली होती. भाच्याने ट्यूलिपच्या कळीसारख्या आत वळलेल्या पेल्यात दोन चमचे होईल एवढीच व्हिस्की ओतली. रंग घासलेल्या तांब्याच्या गडव्यासारखा, कडेला किंचित लालसर. आमच्या सौभाग्यवती पीत नाहीत. पण वास घ्यायला त्यांची हरकत नव्हती.

"मामा, एकदम नाक आत घालू नका," भाचा म्हणाला. "पेला हनुवटीपाशी धरा आणि तोंड थोडं उघडं ठेवा."

पहिला वास आला तो थेट दवाखान्याचा. टिंक्चर आयोडीन, पट्ट्या, नुकतीच पुसलेली फरशी. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती तेव्हा लफ्रॉइग औषध म्हणून देशात येऊ शकली, असे सांगतात. हा वास घेतल्यावर त्या जकात अधिकाऱ्यांना दोष देता येत नाही. आयोडीनच्या मागून ओल्या दोरखंडाचा, समुद्राच्या शेवाळाचा वास आला. आणि मग धूर. पण हा धूर विडी-सिगारेटचा नव्हे. आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. त्यात नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या जळत. त्या बंबातल्या कढत पाण्याला जो वास येई, तो हा! अंगावर तांब्या ओतला की केसांत रात्रीपर्यंत राहणारा.

पेला फिरून हिच्याकडे गेला. हिने डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"बरणीची धुरी," ही म्हणाली.

"म्हणजे काय, मामी?"

"अरे, लोणचं घालायच्या आधी आई निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायची आणि वर बरणी उपडी घालायची. बरणी सुलटी केली की आत हाच वास कोंडलेला असायचा. फक्त तशा बरणीत लोणच्याऐवजी कुणी गुळांबा भरला तर कसं होईल, तसं आहे हे. मागून गूळ येतोय. आणि संत्र्याची साल."

भाच्याने बाटलीबरोबर आलेला कागद काढून वाचला. त्या इंग्रजी वर्णनापेक्षा मला हेच वर्णन अधिक नेमके वाटले. धूर आयलाचा, गूळ मदेराचा. आणि दोन्ही एकाच बरणीत!

मग मी पहिला घोट घेतला. घोट म्हणजे जिभेचे टोक भिजेल एवढाच. 51.6 टक्के म्हणजे काय ते जिभेला तत्काळ समजले. आग आणि राख, दुसरे काही नाही. भाच्याने चमच्याने पाण्याचे काही थेंब घातले. "आता बघा," तो म्हणाला.

खरोखर फरक पडला. पाणी घातल्याने वास फिका व्हायला हवा, तो उलट उमलला. याचे कारण 2017 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवले आहे. मद्यार्क फार असला की धुराच्या वासाचे ग्वायकॉलचे रेणू त्यात बुडून राहतात. पाणी घालून तो उतरवला की ते पृष्ठभागाकडे येतात. म्हणजे वास नाकाच्या अधिक जवळ येतो. आपल्याकडे मातीवर पाणी शिंपडले की ती दरवळते. कारण निराळे, पण अनुभव त्याच जातीचा.

दुसऱ्या घोटात प्रथम गोडवा आला. काकवीचा, मनुकांचा, पाकात किंचित करपलेल्या साखरेचा. मग जिभेच्या कडांना तुरटपणा, सुपारी चघळावी तसा, तो लाकडाचा. मग खारटपणाचा भास. आणि हे सारे येऊन गेल्यावर, दाराआड इतका वेळ उभा असलेला धूर सावकाश आत आला आणि बसला तो उठेचना. तिसरा घोट घेतला नसता तरी चालले असते, इतका वेळ दुसरा घोट पुरला. गोड वाइनने धूर झाकला नव्हता. चिंचगुळाच्या आमटीत गुळाने चिंचेची बाजू सांभाळावी, तशी त्याची बाजू सांभाळली होती. तेव्हा त्या दोन तटांच्या वादात, निदान या एका बाटलीपुरता, मी लग्न लागते म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

सकाळी उठून पाहिले तर रिकामा पेला टेबलावर तसाच होता. मद्यार्क केव्हाच उडून गेला होता. पेल्यात राहिला होता तो शुद्ध वास : विझलेली चूल आणि गुळाची ढेप. माझ्या मते सर्वांत सुंदर भाग तोच होता, आणि त्यासाठी पिण्याची गरज नव्हती.

आता आपल्या शब्दांकडे वळू. इंग्रजीत धूर आला की 'स्मोकी' या एका शब्दावर बरेचसे काम भागवतात. मराठीत पाहा. जळण ओले असल्याने येतो तो धुरकट. भाजताना नेमक्या वेळी उतरले तर खरपूस, क्षणभर उशीर झाला तर करपट. बाळाला ओव्याची-वेखंडाची देतात ती धुरी. मठ्ठ्याच्या भांड्यात निखाऱ्यावर तूप सोडून झाकण घालतात तो धुंगार. आणि या साऱ्यांच्या शेवटी 'मुरणे'. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो, माणूससुद्धा धंद्यात मुरतो. पिंपात व्हिस्कीचे जे होते त्याला याहून चांगले क्रियापद जगात कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही.

पिंप आणि बरणी यांत एक भेद मात्र आहे. चिनी मातीची बरणी काही बाहेर जाऊ देत नाही. लाकडी पिंप श्वास घेते. त्यातून दर वर्षी थोडा द्रव उडून जातो. त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती घालाव्यात तसे. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला सुमारे 2 टक्के असतो. गोव्यात कुंकळ्ळी येथे पॉल जॉन ही भट्टी आहे; 2012 पासून तिची सिंगल माल्ट बाजारात आहे आणि तिच्या काही प्रकारांसाठी पीट थेट स्कॉटलंडहून येते. तिथे हाच वाटा 8 टक्क्यांच्या घरात जातो. आपल्याकडचे देवदूत अधिक तहानलेले! पण त्याच उष्णतेमुळे द्रव लाकडात झपाट्याने मुरतो. ज्या उन्हाने पूर्वी मदेराची पिंपे सुधारली, त्याच उन्हात आज गोव्यात आयलाच्या जातीचा धूर मुरतो आहे. जहाजांची फेरी अशी पुरी झाली.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेच प्रमाण प्रकृतीला पूर्णपणे निर्धोक नाही. आणि दारूने उद्ध्वस्त झालेले घर ओळखीत नाही असा वाचक विरळाच. तिथे पिंपाच्या लाकडाची चर्चा करणे ही क्रूर थट्टा ठरेल. पीटचेही तसेच. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे 3 टक्केच भाग पीटचा, पण जगातल्या साऱ्या अरण्यांतील झाडांहून अधिक कार्बन त्याने पोटात धरून ठेवला आहे. हजार वर्षांत साचलेला एक मीटर थर काही दिवसांत जाळायचा, हा हिशेब तिकडच्या लोकांनाही आता बोचू लागला आहे.

मला वाटते, सगळ्या धुराचे हेच आहे. आमच्या आज्यांच्या डोळ्यांत आणि फुफ्फुसांत तो पिढ्यान्पिढ्या गेला. चुली विझल्या आणि गॅस आला ही फार चांगली गोष्ट झाली. ज्याला पुन्हा चुलीचे दिवस हवेसे वाटतात त्याने एक महिना स्वतः फुंकणी घेऊन बसावे! पण स्कॉटलंडात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथेही रेल्वे आली, कोळसा पोहोचला, आणि मुख्य भूमीवरच्या बहुतेक भट्ट्यांनी पीट सोडून दिले. त्यांच्या व्हिस्कीतला धूर गेला. आयलाच्या लोकांना पुढे दुसरे जळण मिळू लागले तेव्हा त्यांनी घर कोळशावर, विजेवर घेतले, पण दाण्यापुरता धूर ठेवला. जी गोष्ट नाइलाज होती, ती त्यांनी नाइलाज संपल्यावर निवडून ठेवली. म्हणून ती चव झाली, आणि तिला शब्दही राहिले.

परत आल्यावर मी वर्गात मुलांना धुराच्या वासाचे मराठी शब्द लिहायला सांगितले. हुशार मुले. बहुतेकांनी 'स्मोकी' असे देवनागरीत लिहिले. काहींनी 'खरपूस' लिहिले. 'धुंगार' एकानेही लिहिला नाही, आणि फळ्यावर लिहून दाखवला तेव्हा तो कोणाला ओळखीचाही वाटला नाही. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या घरात निखारा नाही त्या घरात धुंगार हा शब्द कशावर टेकणार?

तेव्हा वाचकहो, व्हिस्कीची बाटली आणा असे मी मुळीच सुचवत नाही. या दिवाळीत पंगत बसेल तेव्हा एवढेच करून पाहा. कोळशाचा लहानसा तुकडा गॅसवर लाल करावा. मठ्ठ्याच्या पातेल्यात एक वाटी तरंगत ठेवून त्यात तो टाकावा, वर तुपाचे चार थेंब आणि चिमूटभर हिंग सोडावा आणि लगेच झाकण घालावे. पाच मिनिटांनी झाकण मुलांच्या हातून काढवावे. त्यांनी विचारलेच, हा कसला वास, तर उत्तर तयार ठेवावे.